शहरात घर पाहताना : दर फुटाचा नव्हे, महिन्याचा हिशेब करा



या पानावर मी एरवी लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. या वेळचा विषय निराळा आहे आणि तो तुम्हीच दिलेला आहे. गेल्या दोन हंगामांत नोंदीच्या पाहणीला गेलो की ऊस बघून होतो, बांधावर चहा येतो आणि मग सभासद हळूच विचारतात, "साहेब, पोरगं पिंपरी-चिंचवडला लागलंय. फ्लॅट घ्यायचा म्हणतंय. वीस गुंठे काढावेत का?"

माझ्या स्वतःच्या घरीही हाच प्रश्न आला. थोरले बंधू आपल्याच कारखान्याचे सभासद. पुतण्या चाकणला एका कारखान्यात, सूनबाई हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत. दादा एका रविवारी वाकडला गेले, नमुन्याचा गाळा पाहून खूश होऊन आले आणि जमिनीला गिऱ्हाईक बघू लागले. त्यानंतर आम्ही जी विचारपूस केली, जे हेलपाटे घातले, त्यातून जे कळले ते इथे मांडतो. घर पाहावे बांधून म्हणतात. हल्ली बांधलेले घर पाहण्यातच निम्मे आयुष्य जाते, एवढाच फरक.

शहर एक, पण गावे अनेक

पिंपरी-चिंचवड म्हणजे एकसारखे शहर नव्हे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ साली कामगारांना परवडणारी घरे व्हावीत म्हणून नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९८२ साली महापालिका झाली. १९९७ साली मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली, रावेत, पुनावळे, किवळे अशी भोवतालची गावे हद्दीत घेतली गेली; ताथवडे २००९ साली आले. हिंजवडी हे महापालिकेत नव्हे, हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात वाढले.

हा इतिहास सांगायचे कारण असे की जो भाग जेव्हा हद्दीत आला, त्यावर तिथले रस्ते, गटारे, नळ आणि शाळा अवलंबून आहेत. एकाच गावात मळईची जमीन, मुरमाड माळ आणि चोपण असते, आणि आपण तिन्हींना एक खत टाकत नाही. तसेच हे आहे.

पहिला प्रश्न : पोटापाण्याची जागा कुठे?

दादांची पहिली चूक अशी की त्यांनी रविवारी पाहणी केली. रविवारी वाकडहून चाकण पाऊण-एक तासात आले. मी म्हटले, "दादा, मंगळवारी सकाळी आठला निघून बघू." मंगळवारी तोच रस्ता करायला आम्हाला पावणेदोन तास लागले. म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन तास. पुतण्याची पाळी सकाळची असेल तर पहाटे उठायचे, आणि रात्रपाळी असेल तर दिवसा झोपायचे कधी?

कामाच्या दिशा ढोबळमानाने तीन आहेत. चाकण-तळेगावची औद्योगिक वसाहत उत्तरेला, हिंजवडी पश्चिमेला आणि पुणे शहर दक्षिणेला. वस्त्याही त्याप्रमाणे तीन गटांत पाहता येतात.

जुना मधला भाग. चिंचवड, आकुर्डी, निगडी, प्राधिकरण. रस्ते रुंद, झाडे जुनी, दवाखाने, शाळा, मंडई जवळ. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्थानके या पट्ट्यातच आहेत. पिंपरी ते स्वारगेट मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात पूर्ण सुरू झाली. वल्लभनगरला एस.टी.चा आगार आहे. गावाकडून दूध-धान्य घेऊन येणाऱ्या आई-बापांना हा भाग सोपा. अडचण अशी की इथे नव्या इमारती कमी, जुने गाळे जास्त आणि दर चढे. शिवाय प्राधिकरणातील जमीन पुष्कळ ठिकाणी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे. तिथले घर विकत घेताना हस्तांतरणाची परवानगी आणि तिची फी यांची आधी चौकशी करावी.

पश्चिमेचा पट्टा. पिंपळे सौदागर, वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत. आपण बेंगळुरू महामार्गाने गेलो की वाकडपासून पुढे उंच इमारतींची रांग लागते ती हीच. हिंजवडीत काम करणाऱ्यांना हा भाग जवळचा, म्हणून मागणी मोठी. वाकड आणि पिंपळे सौदागरचे दर चढे. पुनावळे-रावेतकडे त्या मानाने कमी. रावेतला आकुर्डी स्थानक जवळ पडते. पण हिंजवडीचे अंतर चार-पाच किलोमीटर आहे म्हणून दहा मिनिटांत पोहोचाल असे समजू नये. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा या वेळांना वाकडचा चौक एकदा उभे राहून बघावा.

उत्तर-पूर्वेचा पट्टा. मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली. डिसेंबरात मोशीला भरणाऱ्या कृषी प्रदर्शनाला आपल्यातले बरेच जण जातात, त्यामुळे हा भाग थोडाफार पायाखालचा आहे. चाकण आणि भोसरीत काम करणाऱ्यांना सोयीचा, दर पश्चिमेच्या मानाने कमी. मात्र नाशिक रस्त्यावरची वाहतूक जड आहे, मोशीला शहराचा कचरा डेपो आहे, आणि हिंजवडीला रोज जायचे तर हा भाग उपयोगाचा नाही.

नवरा चाकणला आणि बायको हिंजवडीला असेल तर कुणाचेही दार कामाला लागून येणार नाही. दोघांचा त्रास वाटून घेणारी मधली जागा शोधावी लागते. कुणा एकाची नोकरी दोन वर्षांत बदलण्याचा संभव असेल तर तोही विचार करावा. नोकरी बदलता येते, घर उचलून नेता येत नाही.

पाणी : आपल्याला कळणारा विषय

या शहराचे मुख्य पाणी पवना धरणाचे. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलून निगडीला शुद्ध करतात. धरणापासून थेट बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर झालेल्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. शहराच्या नळाला येणारे पाणी कुणाच्या तरी शिवारातून येते, हे आपण तरी विसरू नये.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. तो 'तात्पुरता' म्हणून सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षे चालला. वाढत्या वस्त्यांत नळाचे पाणी पुरत नाही तिथे टँकर येतो, आणि टँकरचे बिल देखभाल खर्चात सगळ्यांना वाटले जाते. म्हणून विक्री कार्यालयात बसलेल्या माणसाला पाण्याचे विचारू नये. तो धबधबा दाखवेल. शेजारच्या, दोन-तीन वर्षे वस्ती असलेल्या इमारतीत जावे, तिथल्या सोसायटीच्या सचिवांना भेटावे आणि मागच्या उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर आले ते विचारावे. आपणही जमीन घेताना आधी शेजाऱ्याची विहीर वाकून बघतो. तीच रीत.

दोन रेषा, ज्या विटेवर दिसत नाहीत

पहिली पूररेषा. पवना, मुळा आणि इंद्रायणी या नद्या शहराला लागून आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते. १७ मे २०२५ रोजी चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेतील ३६ बंगले हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून महापालिकेने पाडले. त्या लोकांनी जमिनीचे पैसे दिले होते, घरे बांधून राहत होते. तरीही बुलडोझर आला.

दुसरी रेषा लष्कराच्या संरक्षित क्षेत्राची. तिला तिकडे 'रेड झोन' म्हणतात. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे तळवडे, किवळे आणि निगडीचा काही भाग, तर दिघीच्या कोठारामुळे दिघी, भोसरी, चऱ्होली यांचा काही भाग या क्षेत्रात येतो. इथे बांधकामावर निर्बंध आहेत.

माझ्या एका मावसभावाने अशा ठिकाणी एक गुंठा घेतला होता. एका दलालाने नोटरीच्या कागदावर व्यवहार केला, 'पुढे सगळं कायदेशीर होणार' म्हणून सांगितले. आज त्या गुंठ्यावर बँक कर्ज देत नाही, परवानगी मिळत नाही आणि विकायला काढला तर जाणते गिऱ्हाईक फिरकत नाही. दोन एकर बागायताच्या चार वर्षांच्या बिलांतून साठवलेला पैसा तिथे अडकला. स्वस्त मिळाला म्हणून तो खुशीत होता. स्वस्त का, हे विचारायचे राहून गेले.

सबब अर्धा-एक गुंठ्याच्या प्लॉटच्या मोहात पडण्यापूर्वी महापालिकेकडून झोन दाखला काढावा, विकास आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे ते पाहावे, पूररेषा आणि संरक्षित क्षेत्र यांची लेखी खात्री करावी. सातबारावर दहा-वीस नावे सामाईक असतील तर दोन पावले मागे यावे.

घराची खरी किंमत

आता हिशेब. जाहिरातीत पन्नास लाखांचा गाळा म्हणतात, तो पन्नास लाखांत मिळत नाही. बांधकाम चालू असलेला गाळा धरू.

करारातील किंमत : ५०,००,००० रुपये
जी.एस.टी. ५ टक्के : २,५०,०००
मुद्रांक शुल्क, अधिभारांसह ७ टक्के : ३,५०,०००
नोंदणी फी : ३०,०००
वाहनतळ, सोसायटीची अनामत, पंखे, कपाटे, ओटा इत्यादी अंदाजे : २,००,०००
एकूण : ५८,३०,०००

यात काही ठिकाणी बचत होते. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जी.एस.टी. लागत नाही. करारातील किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र ९० चौरस मीटरच्या आत असेल तर चालू बांधकामालाही ५ ऐवजी १ टक्काच लागतो. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे; वरच्या उदाहरणात ती ५० हजार रुपये होते. सूनबाईच्या किंवा लेकीच्या नावावर घर करायला याहून चांगले निमित्त कोणते?

बँक या किमतीच्या घराला ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे ४० लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाहीत. उरलेले १८ लाख ३० हजार आपल्या पदरचे. वीस गुंठे काढायचा विषय निघतो तो इथे.

आणि हप्ता? ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी ४० लाखांचा हप्ता महिना ३४,७१३ रुपये बसतो. वर्षाला ४ लाख १६ हजार. आता हे आपल्या मापात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफ.आर.पी. जाहीर केली. तोडणी-वाहतूक आणि इतर कपाती जाऊन हातात समजा २,७०० पडले, तर एका वर्षाचा हप्ता म्हणजे १५४ टन ऊस. एकरी ४० टनांच्या हिशेबाने जवळजवळ चार एकरांचा सगळा ऊस. हे उत्पन्न झाले, नफा नव्हे. त्यातून खत, पाणीपट्टी, मशागत आणि सोसायटीचे पीककर्ज अजून वजा व्हायचे आहे.

पोराचा पगार आहे, हप्ता तो भरेल, हे खरे. पण पगार थांबला तर बँकेचा माणूस कुणाकडे येतो, हेही खरे. सहकर्जदार म्हणून बापाची सही घेतलेली असते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला तुटतो. या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही.

भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा का?

दादांचा मुद्दा हाच होता. "भाडं भरून काय हाताला लागतंय? हप्ता भरला तर घर तरी आपलं." बोलणे बरोबर वाटते, पण आकडे वेगळे सांगतात. वरच्या कर्जात पहिल्या वर्षी भरलेल्या ४ लाख १६ हजारांपैकी सुमारे ३ लाख ३७ हजार नुसते व्याज असते. मुद्दल फिटते ते ८० हजारांच्या आसपास. तेवढाच गाळा महिना १८ हजारांनी भाड्याने मिळाला तर वर्षाचे भाडे २ लाख १६ हजार होते. म्हणजे पाण्यात जायचे तर व्याजही पाण्यातच जाते.

भाड्याच्या घरात कायम राहावे असे माझे म्हणणे नाही. भाडे वाढत जाते, आणि चांगल्या जागेच्या घराची किंमतही वाढते. म्हणणे इतकेच की पहिले एक वर्ष, ज्या वस्तीत घर घ्यायचे मनात आहे तिथेच भाड्याने राहावे. त्या वर्षात एक उन्हाळा दिसतो, एक पावसाळा दिसतो, रस्ता कळतो, शेजार कळतो. नवीन जात आपण आधी चार सरी लावून बघतो, सगळा मळा एकदम बदलत नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवूनच घ्यावा. कायद्याने नोंदणी आवश्यक आहे.

सही करण्याआधी

१. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक घ्यावा आणि महारेराच्या संकेतस्थळावर ताबा देण्याची तारीख, मंजुऱ्या, चालू खटले पाहावेत. हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत गाळ्यांच्या लहान इमारतींना नोंदणीतून सूट असते. तिथे जास्त सावध राहावे.

२. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. 'आजच टोकन द्या, उद्या दर वाढतोय' या घाईला बळी पडू नये.

३. दर कोणत्या फुटाचा, ते विचारावे. हिशेब चटई क्षेत्राचा, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायच्या जागेचा मागावा.

४. सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्यात त्या भागाचा दर काय आहे ते पाहावे. मागितलेला दर आणि तक्त्याचा दर यांत फार तफावत असेल तर कारण विचारावे.

५. जुने घर घेत असाल तर सोसायटीचा ना-हरकत दाखला, कराची थकबाकी, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की नाही, आणि इमारतीचे वय पाहावे.

६. पाहणी तीनदा करावी : कामाच्या दिवशी सकाळी, रात्री नऊनंतर आणि एकदा भर पावसात.

शेवटी घरचे

आमच्या घरी काय झाले, ते सांगून संपवतो. पुतण्या आणि सूनबाई आकुर्डीला भाड्याने राहिले. तो तळवड्याच्या रस्त्याने चाकणला जातो, ती रावेतवरून कंपनीच्या गाडीने हिंजवडीला. दोघांनाही तासाभराच्या आसपास लागते, दोघेही कुरकुरतात, पण रात्रीचे जेवण एकत्र होते. वहिनी आधी रुसल्या होत्या, कारण भावकीत 'फ्लॅट घेतला' असे सांगायची त्यांची तयारी झालेली होती. आता महिन्यातून एकदा वल्लभनगरला उतरून पोराकडे जातात आणि येताना "तिथलं पाणी आपल्यासारखं नाय बाई" म्हणत परततात.

गाळा अजून घेतलेला नाही. दोघांनी मिळून पदरची रक्कम साठवायची आणि दोन वर्षांनी, कर्ज कमी काढून, ४५ लाखांच्या आतले तयार घर बघायचे असे ठरले आहे. दादांनी जमीन काढली नाही. त्या वीस गुंठ्यांत यंदा आडसाली उभा आहे आणि त्याची नोंद माझ्याच वहीत आहे.

प्रत्येकाची गोष्ट अशीच व्हावी असे नाही. कुणाच्या पोराची नोकरी पक्की असेल, पदरी शिल्लक असेल, त्याने आजच घर घ्यावे, पेढे मात्र आम्हाला द्यावेत. पण जमीन काढून घर घ्यायचे असेल तर विकण्याआधी वरचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. शेतकी कार्यालयात आलात तर मीही सोबत बसेन. टनांचे गणित आपल्याला एकमेकांना समजावून सांगावे लागत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी